पुण्यातले फ्लॅट भाड्याने आणि आपण हुआ हिनला समुद्राकाठी: निघायच्या आधीपासून काय काय करायचं

आम्ही दोघं पुणं सोडून हुआ हिनला राहायला आलो त्याला आता तीन वर्षं होतील. थायलंडच्या आखातावरचं गाव आहे, बँकॉकच्या दक्षिणेला साधारण २०० किलोमीटर, रेल्वेने थेट येता येतं. पुण्यात दोन फ्लॅट, एक कोथरूडला आणि एक वाकडला, दोन्ही भाड्याने. इथल्या घराचं भाडं आणि वीज-पाणी त्यातून निघतं, बाकीचं माझ्या पेन्शनमधून. ओळखीतले लोक फोन करून विचारतात ते समुद्र, व्हिसा, खाणं-पिणं याबद्दल, आणि फ्लॅटचा विषय निघाला की "त्यात काय, एजंट आहे की" म्हणून सोडून देतात. माझा अनुभव अगदी उलटा आहे. इथलं बस्तान दोन-तीन महिन्यात बसलं, पुण्यातलं बसवायला दीड वर्ष गेलं, आणि जिथे जिथे घाई केली तिथे नंतर त्रास झाला. म्हणून खाली जे लिहितेय त्यात निम्म्याहून जास्त भाग पुण्याचाच आहे.

आधी खरा हिशोब

समजा दोन फ्लॅटचं मिळून महिन्याला ५२,००० भाडं येतं. लोक लगेच बाराने गुणतात आणि ६,२४,००० धरून बसतात. तसं करू नका. वर्षाला १० महिन्यांचंच भाडं धरा, कारण भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतं, ब्रोकर आपल्याकडूनही घेतो, रंग काढावा लागतो. म्हणजे ५,२०,०००. त्यातून सोसायटी मेंटेनन्स दोन्हीचा मिळून ६,५०० धरला तर वर्षाचे ७८,०००, प्रॉपर्टी टॅक्स ३०,०००, आणि एका महिन्याचं भाडं म्हणजे ५२,००० दुरुस्तीला बाजूला. उरले ३,६०,०००, म्हणजे महिन्याला ३०,०००. ५२ हजाराचे ३० हजार झाले, आणि अजून टॅक्सचं नाव घेतलेलं नाही. या ३० हजारावर तुमचं गणित जमत असेल तरच पुढे जा, ५२ वर जमवलेलं गणित पहिल्याच वर्षी कोसळतं.

दोन खर्च बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाहीत. एक, मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, पण तो सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, राज्य सरकारचा ऑगस्ट २००१ चा आदेश आहे, आणि तरीही काही सोसायट्या मनाला येईल तो आकडा टाकतात तेव्हा बिल नीट वाचा. दुसरं, पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकत करात ४० टक्के सवलत असते ती घर भाड्याने दिलं की जाते. कोथरूडच्या घराचं बिल आलं तेव्हा मला हे कळलं, तुम्ही आधीच धरा.

डिपॉझिटला हात लावायचा नाही. ते पैसे भाडेकरूचे आहेत, वेगळ्या एफडीत ठेवा.

रंगीत तालीम पुण्यातच करा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे आणि नेमकी हीच कुणी करत नाही. निघायच्या आधी सहा महिने पुण्यात राहूनच असं वागा की तुम्ही इथे नाहीच. फ्लॅटवर जायचं नाही, प्लंबरला स्वतः घेऊन जायचं नाही, सोसायटीच्या ऑफिसात जायचं नाही, भाडेकरूचा फोन आला की तो ज्याला नेमलंय त्याच्याकडे वळवायचा. आम्ही माझ्या धाकट्या दिराला हे काम दिलं, तो सिंहगड रोडला राहतो. पहिल्या दोन महिन्यातच कळलं की त्याच्याकडे वाकडच्या फ्लॅटची किल्लीच नाही, मेन वॉल्व्ह कुठे आहे माहीत नाही, आणि खर्च करायच्या आधी तो प्रत्येक वेळी मला विचारत होता, त्यामुळे तीनशे रुपयांच्या नळासाठी भाडेकरू चार दिवस थांबला. हे सगळं पुण्यात असताना कळलं म्हणून निस्तरता आलं.

मग आम्ही ठरवलं ते असं, की १०,००० रुपयांपर्यंतचा खर्च न विचारता करायचा, फक्त बिलाचा फोटो पाठवायचा, त्याच्या खात्यात आमचे ४०,००० कायम असतील आणि दर तीन महिन्यांनी भरून निघतील. आणि त्याला या कामाचे पैसे द्यायचे. नात्यातलं माणूस आहे म्हणून फुकटात काम करून घेतलं की वर्षभराने तोही कंटाळतो आणि आपल्यालाही बोलायची चोरी होते. दिराने आधी नको नको केलं, पण आता तो हिशोब चोख ठेवतो आणि आमचे संबंधही छान आहेत. नात्यातलं कुणी नसेल तर प्रॉपर्टी सांभाळणारे लोक मिळतात, साधारण भाड्याच्या टक्केवारीवर काम करतात, फक्त भाडं थेट आपल्याच खात्यात आलं पाहिजे, त्यांच्यामार्फत नाही.

एक वही करा, साधी. प्रत्येक फ्लॅटचा वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, मिळकत कराचा क्रमांक, गॅस कनेक्शन, वॉल्व्ह आणि एमसीबीचे फोटो, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, सोसायटी मॅनेजर यांचे नंबर. मागच्या पावसाळ्यात कोथरूडच्या बाथरूममधून खालच्या घरात गळती लागली, मला मेसेज आला तेव्हा इथे रात्रीचे साडेअकरा म्हणजे पुण्यात दहा, आणि दिराने वहीतला फोटो भाडेकरूला पाठवून पाच मिनिटात पाणी बंद करायला लावलं. वॉटरप्रूफिंगचा खर्च झाला तो झालाच, पण खालच्यांचं सीलिंग वाचलं.

करार रजिस्टरच हवा

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि रजिस्टर असणं कायद्याने बंधनकारक आहे, भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५, आणि तो रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची आहे. नुसत्या नोटरीवर भागवणारे अजूनही भरपूर आहेत. तुम्ही लांब असताना हे अजिबात चालणार नाही, कारण मुदत संपूनही भाडेकरू निघाला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, तिथे रजिस्टर करार हाच पुरावा धरतात, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. कागद कच्चा असेल तर हा रस्ताच बंद.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के, शिवाय डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात. २८,००० भाडं, १ लाख डिपॉझिट, ११ महिने, तर साधारण ८०० रुपये होतात, आणि शहरात नोंदणी फी १,०००. ऑनलाइन ई-रजिस्ट्रेशन होतं, आधारवर अंगठा द्यायला एजंट घरी येतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची, त्याची पावती जपून ठेवायची. करारात एक महिन्याच्या नोटिशीची अट दोन्ही बाजूंनी घाला, आणि दुरुस्तीत छोटं कुणी करायचं, मोठं कुणी करायचं तेही रकमेसकट लिहा.

मुखत्यारपत्र मोजूनमापून

तुमच्या वतीने अंगठा द्यायला कुणीतरी हवं, म्हणून पॉवर ऑफ अॅटर्नी. जनरल नको, स्पेशलच करा, म्हणजे भाडेकरार करणं आणि रजिस्टर करणं, सोसायटीत, महापालिकेत, महावितरणला सही करणं, एवढंच. विकणं, गहाण ठेवणं, बक्षीस देणं हे अधिकार दिलेले नाहीत असं स्पष्ट वाक्य घाला. आपल्या माणसावर विश्वास असला तरी घाला, त्यात त्याचंही संरक्षण आहे. हे भारतात असतानाच करून रजिस्टर करा. बाहेरून करायची वेळ आली तर बँकॉकच्या भारतीय दूतावासात सही करून साक्षांकित करावं लागतं, आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आणखी एक, पॉवर ऑफ अॅटर्नी देणारा गेला की ती तिथेच संपते. म्हणून मृत्युपत्र वेगळं हवं, नॉमिनेशन वेगळं हवं, आणि दोन्ही निघायच्या आधी हवीत.

बँकेला खरं सांगा

मी स्वतः बँकेत ३१ वर्षं काढलीत त्यामुळे हे जरा ठासून सांगते. दरवर्षी वाढवायच्या व्हिसावर, कधी परतायचं हे ठरलेलं नसताना बाहेर राहायला गेलात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे तुम्ही अनिवासी होता. नोकरीला गेलं तरच एनआरआय असा गैरसमज आहे. साधं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं भारतातलं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं, भाडं त्यातच यायला हवं, म्युच्युअल फंड आणि डीमॅटचं केवायसी बदलावं लागतं. पीपीएफ चालू असेल तर मुदतीपर्यंत चालतो, पण नंतर वाढवता येत नाही.

इन्कम टॅक्सची व्याख्या मात्र वेगळी आहे, ती दिवस मोजते. निवृत्त होऊन निघालात ते नोकरीसाठी जाणं नाही, त्यामुळे निघायच्या वर्षी भारतात ६० दिवसांहून जास्त काढलेले असतील आणि आधीची चार वर्षं भारतातच असाल तर त्या आर्थिक वर्षापुरते तुम्ही टॅक्ससाठी निवासीच राहता. पुढच्या वर्षांपासून भेटीला आलात तर १८२ दिवसांच्या आत परत जा, आणि भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर हीच मर्यादा १२० दिवसांची होते. पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा.

टीडीएस, इथे सगळे अडकतात

घरमालक निवासी असेल तर महिना ५०,००० पर्यंतच्या भाड्यावर साध्या भाडेकरूला टीडीएस, म्हणजे भाड्यातून आधीच कापून सरकारला भरायचा कर, कापावा लागत नाही. घरमालक अनिवासी झाला की भाडं कितीही कमी असो, पहिल्या रुपयापासून भाडेकरूने टीडीएस कापायचा, दर ३० टक्के आणि वर सेस म्हणजे ३१.२ टक्के. त्यासाठी भाडेकरूला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, घ्यावा लागतो, दर महिन्याला भरणा, दर तिमाहीला रिटर्न. जुन्या कायद्यात हे कलम १९५ होतं, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून सीएशी बोलताना नवे नंबर विचारून घ्या.

पुष्कळ एजंट सांगतात, भाडेकरूला सांगूच नका तुम्ही बाहेर राहता. हे करू नका. कापला नाही म्हणून नोटीस येते ती भाडेकरूला येते, ज्या माणसाचा काही दोष नाही त्याला. आमच्या पहिल्या भाडेकरूंना मी आधी नीट समजावून सांगितलं नव्हतं, करार झाल्यावर सांगितलं, तर ते बिचारे घाबरले आणि चार महिन्यात घर सोडून गेले. त्यानंतर मी पहिल्याच फोनला सांगते, आणि टॅन काढायचा, तिमाही रिटर्न भरायचा खर्च आमचा, आमचेच सीए करून देतील, असं लेखी देते. वाकडला सध्या एका कंपनीने घर घेतलंय त्यांच्या माणसासाठी, त्यांना हे सगळं रोजचंच आहे. अनिवासी मालकाने जमेल तर कंपनी लीजच बघावी.

आता खरा टॅक्स किती ते बघा. एकाच्याच नावावर घरं आहेत, दुसरं उत्पन्न नाही, असं धरू. भाडं ६,२४,०००, त्यातून मिळकत कर ३०,००० वजा केला की ५,९४,०००, त्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, उरले ४,१५,८००. आयकराच्या नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, उरलेल्या १५,८०० वर ५ टक्के आणि सेस, म्हणजे ८२२ रुपये. आणि कापलेले किती? १,९४,६८८. हे पैसे रिटर्न भरून परत मिळतात, पण तोपर्यंत वर्ष-सव्वा वर्ष अडकून राहतात, आणि तुम्ही तर त्यावर जगणार आहात. यावर उपाय म्हणजे कमी दराने कापण्याचा दाखला, पूर्वीपासून फॉर्म १३ म्हणून ओळखतात तो. ऑनलाइन अर्ज करायचा, मागच्या वर्षांची रिटर्न आणि यंदाचा अंदाज द्यायचा, अधिकारी दर ठरवून दाखला देतात, तो भाडेकरूला द्यायचा. तो एका आर्थिक वर्षापुरताच असतो, त्यामुळे एप्रिल लागला की पुन्हा अर्ज. आम्ही पहिल्या वर्षी आळस केला आणि जवळजवळ दोन लाख अडकले.

आणि हे लक्षात असू द्या की १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही असं जे सगळे म्हणतात ती सूट निवासींनाच आहे, अनिवासींना ती मिळत नाही. जुन्या पद्धतीतली ज्येष्ठांची ३ लाखांची मर्यादाही नाही. पेन्शन आणि एफडीचं व्याज मोठं असेल तर निघायच्या आधी सीएकडून दोन्ही बाजूंनी आकडे काढून घ्या.

पैसे इकडे आणताना

एनआरओ खात्यातलं भाडं, पेन्शन, व्याज हे चालू उत्पन्न टॅक्स भरल्यावर बाहेर पाठवता येतं. बाकी शिल्लक, म्हणजे घर विकून आलेले वगैरे, वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत. बँक त्यासाठी १५सीए-१५सीबी या नावांनी ओळखले जाणारे, बाहेर पैसे पाठवतानाचे आयकराचे फॉर्म मागते, त्यात सीएची सही लागते. दर महिन्याला पाठवलं तर प्रत्येक वेळी सीएची फी आणि बँकेचे चार्ज, म्हणून आम्ही वर्षातून तीनदाच पाठवतो आणि इथे चार-पाच महिन्यांचा खर्च खात्यात ठेवतो.

व्हिसासाठी लागणारी मोठी रक्कम मात्र निवासी असतानाच पाठवणार असाल तर ती एलआरएस, म्हणजे निवासींनी परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना, त्यातून जाते, त्यात आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. रिटर्नमध्ये परत मिळतो, पण नवराबायकोत विभागून किंवा मार्च आणि एप्रिल असं दोन वर्षांत पाठवलं तर बराचसा वाचतो.

थायलंडचा टॅक्सही आहे, आणि तो नाही असं सांगणारे खूप भेटतील. कॅलेंडर वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहिलात की तुम्ही तिथले कर-निवासी. १ जानेवारी २०२४ पासून बाहेरचं उत्पन्न तिथे आणलं की ते हिशोबात येतं, त्याआधी कमावलेलं सोडून. म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ची बँक स्टेटमेंट जपून ठेवा. दोन देशांत करार आहे, भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, ६५ पूर्ण झालेल्यांना १,९०,००० बाटची वेगळी सूट आहे आणि पहिल्या १,५०,००० बाटवर दर शून्य आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांना प्रत्यक्षात फारसं भरावं लागत नाही, पण मार्चअखेर रिटर्नचं बघावं लागतं.

व्हिसा

वय ५० पूर्ण हवं. दोन रस्ते आहेत. भारतातून नॉन-इमिग्रंट ओ-ए घेतला तर पोलिसांचा दाखला, मेडिकल, आणि आरोग्य विमा लागतो. दुसरा म्हणजे नॉन-इमिग्रंट ओ घेऊन इथे येऊन एक वर्षाची मुदतवाढ, आम्ही हा घेतला. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाट, म्हणजे २० लाख रुपयांच्या वर, अर्जाच्या दोन महिने आधीपासून हवेत, मंजुरीनंतर तीन महिने तसेच राहायला हवेत, आणि त्यानंतर ४ लाखांच्या खाली जायचं नाही. महिना ६५,००० बाट उत्पन्न दाखवायचाही मार्ग आहे, पण वरचा हिशोब बघता दोन फ्लॅटच्या भाड्यावर ते जमणार नाही. हे ८ लाख खर्चाचे पैसे नाहीत, ते नाहीतच असं समजून उरलेल्यात बजेट बसवा.

दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालतं, चुकलं तर २,००० बाट दंड. घरमालकाने तुम्ही राहायला आल्याचा टीएम ३० हा फॉर्म भरायचा असतो, त्याची प्रत मागून घ्या, नाहीतर मुदतवाढीला अडतं. आणि पुण्याला जाताना री-एंट्री परमिट, म्हणजे त्याच व्हिसावर परत यायची परवानगी, घेतल्याशिवाय विमानात बसू नका, एकदाचं १,००० बाट, कितीही वेळा जायचं ३,८००. विसरलात तर मुदतवाढ रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. या व्हिसावर कसलंही काम करता येत नाही.

घर घेऊ नका, भाड्याने राहा

परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, कॉन्डो घेता येतो पण इमारतीतल्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. तरी पहिली दोन वर्षं भाड्यानेच राहा असं मी कळकळीने सांगेन. आणि वर्षाचा करार करायच्या आधी ऑक्टोबरमध्ये येऊन महिनाभर राहून बघा, या बाजूला मुख्य पाऊस तेव्हा असतो, कुठल्या गल्लीत पाणी साचतं ते कळतं. फुकेतच्या बाजूला पावसाळा मे ते ऑक्टोबर असतो, दोन किनाऱ्यांचं वेळापत्रक वेगळं आहे. विजेचा युनिटचा दर घरमालक लावणार की थेट सरकारी बिल, हे सही करायच्या आधी विचारा, फरक मोठा पडतो. समुद्राला अगदी चिकटून नको, खाऱ्या हवेने एसीचे पत्रे, कुलपं, सगळं गंजतं.

शाकाहारी असाल तर "जे" हा शब्द शिका, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात दिसतो, त्यात कांदा-लसूणही नसतो. नुसतं भाजी म्हणून मागितलं तर फिश सॉस असतोच. स्कूटर चालवायची तर दुचाकीचं लायसन्स काढा, नाहीतर अपघातात विमा कंपनी हात वर करते.

दुखणंखुपणं आणि ओटीपी

इथल्या विम्यासाठी ६० नंतर हप्ता चढत जातो, पण तरीही भारतातली मेडिक्लेम बंद करू नका. मोठं ऑपरेशन करायची वेळ आली तर बरेच जण पुण्यालाच जातात, आणि एकदा बंद पडलेली पॉलिसी पासष्टीला नव्याने घेतली की जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आम्ही हप्ता ऑटो-डेबिटवर टाकलाय, एनआरओ खात्यातून.

भारतातलं सिम चालू ठेवणं हे वीजबिलाइतकंच आवश्यक आहे. बँक, आधार, इन्कम टॅक्स सगळ्याचा ओटीपी त्यावर येतो. निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, इथून करायला गेलात तर त्यालाच ओटीपी मागतात. नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला जीवन प्रमाणच्या अॅपवर चेहरा दाखवून होतो.

परत यायची सोय

आम्ही वाकडचा करार कंपनीला ३३ महिन्यांचा दिलाय, पण कोथरूडचा मुद्दाम ११ महिन्यांचाच ठेवतो, एक महिन्याच्या नोटिशीवर. दोघांपैकी एकाची तब्येत बिघडली किंवा एकटं राहायची वेळ आली तर महिन्याभरात स्वतःच्या घरात जाता आलं पाहिजे. त्या घराचं माळ्यावरचं एक कपाट कुलूप लावून आमचं ठेवलंय, करारात तसं लिहिलंय. त्यात चार गाद्या, भांडी, कुकर, आणि सगळ्या मूळ कागदांच्या झेरॉक्स आहेत. किल्ली दिराकडे आहे.